कॅमेरा वर तर पाय बंद: पावसाळ्यात मिररलेस घेऊन सह्याद्रीत जाताना

कोकणकड्यावर सूर्य बुडून गेला होता आणि माझ्या कॅमेऱ्यात अजून लख्ख उजेड होता. हे वाक्य नीट वाचा, कारण सगळा घोळ तिथेच झाला. सप्टेंबरचा शेवट, पाचनईहून हरिश्चंद्रगड, दिवसभर धुकं आणि संध्याकाळी एकदम ढग फुटून समोर असं काही लाल-जांभळं पसरलं की मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तो काढलाच नाही. मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण बाहेरचं बघतच नसतो, एक छोटासा टीव्ही बघत असतो, आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ घ्यायचा ते) ऑटोवर असेल तर बाहेर अंधार पडेल तसा तो टीव्ही चित्र उजळवत राहतो. चाळीसेक फोटो झाले, डोळा काढला, तर हातातला कॅमेरा दिसेना. त्यात परत धुकं भरलं. हेडटॉर्च कुठे, तर देवळाजवळ टेंटमध्ये, कारण 'लगेच येतो' म्हणून निघालेलो. दिवसा गप्पा मारत सहज जायची वाट, पण मला दीड तास लागला. मोबाईल ६ टक्के. शेवटी कुठूनतरी भांडी घासायचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या दिशेने चाचपडत गेलो. जेवण देणाऱ्या मावशींनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "कॅमेरावाले ना? तुमचं रोजचंच हाय."

तेव्हापासून मी जे जे बदललं ते इथे लिहितोय. कॅमेरा कसा वापरायचा यावर व्हिडिओ ढिगाने आहेत, ट्रेकला काय काळजी घ्यायची यावरही आहेत, पण कॅमेरा हातात असलेला माणूस ट्रेकवर वेगळ्याच चुका करतो त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. ट्रेकर वाट बघून चालतो, फोटोवाला फ्रेम बघून चालतो, एवढाच फरक आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

म्हणून पहिला आणि माझ्या मते एकच खरा नियम: कॅमेरा वर असेल तर पाय बंद, पाय चालू असतील तर कॅमेरा खाली. एक पाऊल मागे जायचं असेल तरी कॅमेरा डोळ्यावरून काढायचा, मागे वळून बघायचं, पाऊल टाकायचं, मग परत डोळा लावायचा. वैताग येतो, मान्य. पण व्हिडिओ काढताना चालायची जी सवय झालीये ना आपल्याला, ती पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ठीक आहे, शेवाळलेल्या कातळावर नाही. आणि वाइड लेन्स लावली असेल तर अजून एक फसवणूक, १६ एमएमला समोरचा कडा आहे त्यापेक्षा लांब दिसतो. फ्रेममध्ये वाटतं अजून बरीच जागा आहे, 'थोडं पुढे जाऊ' म्हणून माणूस सरकतो, आणि ती जागा खरी दोन पावलंच असते.

कड्यावर मी आता एक करतो. पोचल्यावर कॅमेरा काढायच्या आधी सॅक उतरवायची आणि कड्यापासून तीन-चार पावलं आत, पक्क्या जागी ठेवायची. ती लक्ष्मणरेषा. जे काय फोटो काढायचे ते सॅकच्या मागून. सह्याद्रीत पावसाळ्यात कड्याची खरी कड दिसत नाही हे लक्षात घ्या, गवत कंबरेएवढं वाढून बाहेर लोंबतं आणि त्याच्याखाली दगड आहे का नुसती माती हे वरून कळत नाही. कोकणकड्याचा बाक बघायचाच असेल तर पोटावर झोपून सरपटत पुढे जायचं, सॅक आणि ट्रायपॉड मागे, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नाही तर मनगटाला दोन वेढे. रेलिंग असेल तिथे रेलिंगच्या आतच, पलीकडे एक पाय टाकून मिळणारा अँगल अलीकडून मिळणाऱ्या अँगलपेक्षा काही फार वेगळा नसतो, मी दोन्ही काढून बघितलेत, तेव्हा अक्कल नव्हती.

इंद्रवज्राचं तर विचारूच नका. सूर्य आपल्या पाठीमागे आणि समोर दरीत धुकं असं जुळलं की धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि मधोमध आपली स्वतःची सावली. कर्नल साइक्सने १८३५ साली हे कोकणकड्यावरून बघितल्याची नोंद सांगतात. नशिबाने दिसलं तर ओरडा सुरू होतो आणि दहा जण एकदम कडेला धावतात. तुम्ही धावू नका. ते तुमच्या सावलीभोवतीच असतं, जिथे आहात तिथूनच काढा, एक्स्पोजर थोडं खाली ओढा म्हणजे रंग धुऊन जाणार नाहीत, पाच-सहा फोटो घ्या आणि मग नुसतं बघा.

आदल्या रात्रीचं काम

ट्रेक शुक्रवारी रात्री ठरतो, कॅमेऱ्याची सेटिंगही शुक्रवारी रात्रीच करायची. कड्यावर उभं राहून मेनू चाळणारा माणूस म्हणजे डोळे बांधलेला माणूस. माझ्या कॅमेऱ्यात डायलवर दोन जागा रिकाम्या आहेत सेव्ह करायला, एकीवर धुकं आणि दुसरीवर पाणी. धुक्यासाठी अपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा), एफ ८ एवढं भोक, एक्स्पोजर अधिक ०.७, ऑटो आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील) ३२०० पर्यंत, कारण पांढरं धुकं बघून कॅमेरा घाबरतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो. पाण्यासाठी मॅन्युअल, आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. एवढं केलं की डोंगरावर फक्त डायल फिरवायचा.

व्ह्यूफाइंडरचा ब्राइटनेस ऑटोवरून काढून मॅन्युअल केलाय, पण त्याने अंधाराचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण एक्स्पोजरच कॅमेरा वाढवत असतो. त्यामुळे मोबाईलमध्ये सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचा गजर लावतो. गजर झाला की हेडटॉर्च डोक्यावर, चालू नसली तरी डोक्यावर. समोर आकाश कितीही पेटलेलं असो.

बॅटरीचं गणित वेगळं लिहितो कारण इथेही गंमत आहे. मिररलेस सतत स्क्रीन चालवत असतो म्हणून बॅटरी खातो, बऱ्याच छोट्या बॉडींना (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) कंपनीच एका चार्जवर साधारण ३००-४०० फोटोंचा आकडा देते. मग आपण पॉवर बँक नेतो आणि ती सगळी कॅमेऱ्याला पाजतो, आणि संध्याकाळी मोबाईल मेलेला. उलटं करा. कॅमेऱ्याला दोन जादा बॅटऱ्या, पॉवर बँक फक्त मोबाईलची. मोबाईल एअरप्लेन मोडवर, ऑफलाइन मॅप आधीच डाऊनलोड केलेला. डोंगरात रेंज शोधण्यातच फोनची बरीच ताकद जाते.

हवामान बघा, पण नुसता पावसाचा ढग असलेलं चित्र बघू नका. हवामान खात्याचा इशारा बघा, जिल्ह्याचा आणि घाटमाथ्याचा, पुणे-सातारा-नाशिकला तो बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. ढोबळमानाने ऑरेंज म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर आणि रेड म्हणजे त्याच्याही वर. शहरात बसून आकड्याचा अंदाज येत नाही, म्हणून सांगतो, २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झालाय. ऑरेंज असेल तर मी धबधबे आणि ओढ्याच्या वाटा सोडून देतो, रेड असेल तर घरी भजी. शिवाय पावसाळ्यात जिल्हाधिकारी कलम १६३ (पूर्वीचं जमावबंदीचं १४४) खाली धबधबे-धरणांवर बंदी घालतात, ती बातमी निघायच्या आधी शोधा, नाहीतर ताम्हिणीपर्यंत पेट्रोल जाळून पोलीसदादा परत पाठवतात. 'आम्ही फोटोग्राफर आहोत' हे वाक्य त्यांनी त्या सकाळी पन्नास वेळा ऐकलेलं असतं.

सामान: कमी म्हणजे किती कमी

एक बॉडी, एक झूम. बस. माझ्याकडे १६-५० ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) आहे जिला सगळे नावं ठेवतात, पण पावसात लेन्स बदलणं हा मूर्खपणा आहे हे एकदा पटलं की किट लेन्स सोन्याची वाटते. मिररलेसला आरसा नसतो, लेन्स काढली की बहुतेक बॉडींमध्ये सेन्सर सरळ उघडा पडतो, आणि धुक्यात हवेतच पाणी असतं. अगदीच बदलावी लागली तर पोंचोच्या आत, वाऱ्याकडे पाठ, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, आणि दुसरी लेन्स आधीच टोपण सैल करून तयार.

वेदर सील्ड असं लिहिलेलं असलं तरी ते शिंतोड्यांसाठी, धबधब्याखाली उभं राहायला नाही, आणि बॉडी सील असून लेन्स नसेल तर उपयोग अर्धाच. महागडं रेन कव्हर घेऊ नका. लॉजमध्ये फुकट मिळते ती शॉवर कॅप आणि एक मोठी प्लास्टिकची पिशवी, पिशवीच्या तळाला लेन्स हूडएवढं (लेन्सच्या पुढे लावायचं छोटं नळकांडं) भोक, रबर बँड, झालं काम. हूड नेहमी लावलेला ठेवा, पावसाचे थेंब काचेवर यायचे निम्मे कमी होतात. पुसायला मायक्रोफायबर दोन, एक सॅकमध्ये झिपलॉकमध्ये कोरडं आणि एक खिशात, कारण खिशातलं तासाभरात पोतेरं होतं.

पट्ट्याबद्दल. गळ्यातला लांब पट्टा चढताना मांड्यांवर आपटतो, आणि रॉकपॅचवर (हातपाय वापरून चढायच्या कातळावर) वाकलात की कॅमेरा पुढे लोंबकळून दगडावर बसतो, तो वाचवायला आपण एक हात सोडतो. तो एक हात दगडावर हवा होता. म्हणून चढ-उतार असेल तिथे कॅमेरा सॅकच्या पट्ट्यावरच्या क्लिपला, आणि हात वापरावे लागतील अशी जागा आली की सरळ सॅकमध्ये, चेन बंद. त्या पाच मिनिटांत दिसलेला फोटो गेला तर गेला. ट्रायपॉड सॅकच्या बाजूला आडवा बांधू नका, आडव्या वाटेवर, जिथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, तो भिंतीला ठोकतो आणि तुम्हाला बाहेर ढकलतो. उभा, मधोमध, वर टोक निघणार नाही असा बांधा. आणि छत्री घाटातल्या टपरीपर्यंत छान असते, कड्यावर एका झुळुकीत ती तुम्हाला कुठे नेईल सांगता येत नाही.

बुटांवर पैसे खर्च करा, लेन्सच्या आधी. आमच्या ग्रुपमध्ये अर्धे लोक वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग बूट घालतात, दिसायला काही नाहीत पण ओल्या कातळावर धरतात. पण हेही सांगतो की हिरव्या-काळ्या बुळबुळीत शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही. तिथे बसायचं. ढुंगण टेकून सरकायचं. फोटोत चांगलं दिसत नाही, पण फोटो तुमचा काढणारच कोण आहे.

धबधबा: कुठून काढायचा हे आधी, कसा काढायचा हे नंतर

३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्यात उभे होते आणि पाणी वाढलं. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं आणि वर घाटमाथ्यावर धो धो चालू असू शकतं, ते पाणी मग तुमच्याकडे यायला निघालेलं असतं. खुणा तीन आहेत आणि कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेल्याला तिन्ही दिसत नाहीत: स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, पाला-काटक्या वाहत यायला लागतात, आणि आवाज बदलतो, खळखळ जाऊन एक खालचा घुमणारा आवाज येतो. यातलं एक जरी झालं तरी ट्रायपॉड उचलू नका, स्वतःला उचला, बाजूला, उंचावर. ट्रायपॉड तीन हजाराला मिळतो.

म्हणून जागा निवडताना मी आधी बघतो की पाणी वाढलं तर मी कुठल्या बाजूला असेन. गाडी ज्या बाजूला, त्याच बाजूला उभं राहायचं. चांगल्या फोरग्राउंडसाठी ओढा ओलांडून गेलात आणि दोन तासांनी पाणी चढलं तर रात्र पलीकडे काढावी लागते, आमच्या एका मित्राने काढलीये, आठ जण, दोन पोंचो आणि एक बिस्किटचा पुडा. ओलांडावंच लागलं आणि पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर परत फिरा. सॅकचा कंबरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. हो, कॅमेऱ्यासकट.

साकवावर, जुन्या लोखंडी पुलावर उभं राहून फोटो काढायचा मोह होतो, मधोमध जाऊन दोन्हीकडे पाणी. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसकट कोसळला, चार जण गेले. पूल ओलांडायला असतो, तिथे थांबू नका, आणि गर्दी असेल तर चढूही नका.

आता फोटो. रेशमी पाणी हवं तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडा राहिला तरी पुरतो, लोक पाच-दहा सेकंद ठेवतात आणि पाण्याचा कापूस होतो. मला पाव सेकंदाचं पाणी आवडतं, त्यात धारा दिसतात. ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ ८ ला समजा १/३० सेकंद शटर येतोय, तर एनडी ८ (उजेड आठपट कमी करणारा काळसर फिल्टर) लावला की तोच साधारण पाव सेकंद होतो, आणि एनडी ६४ लावला तर दोन सेकंद. म्हणजे पावसाळ्यात एनडी ८ पुरे, एनडी १००० घरी ठेवा. एक फिल्टर घ्यायचा असेल तर त्याच्याही आधी सीपीएल (पोलरायझर फिल्टर) घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चमक तो खातो, हिरवा रंग एकदम भरून येतो, आणि दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेडही कमी करतो म्हणजे थोडा एनडीचाही उपयोग. ट्रायपॉडचे पाय पाण्यात रोवू नका, प्रवाहाने थरथरतो आणि फोटो हलतो, शिवाय तुम्हीही पाण्यात जाता. पाऊसच फ्रेममध्ये हवा असेल तर मागे काळपट झाडी किंवा गुहेचं तोंड धरा, १/६० ला थेंबांच्या रेघा येतात, १/५०० ला थेंब जवळजवळ गोठतात.

साप, मोहोळ आणि काजवे

मॅक्रोवाल्यांनी, म्हणजे किडे-बेडूक अगदी जवळून टिपणाऱ्यांनी, आंबोलीला किंवा कुठेही रात्री फिरताना हात कुठे ठेवतोय ते बघायचं. चापडा नावाचा विषारी साप झुडपावर अगदी हाताच्या उंचीवर बसतो, तासन्‌तास हलत नाही, आणि बेडकाच्या फोटोसाठी फांदी बाजूला करायला तुम्ही हात घालता तो नेमका तिथे. फांदी काठीने बाजूला करा, किंवा करूच नका. मॅक्रो लेन्सपेक्षा ५५-२१० सारखी झूम लांबून वापरा, थोडं क्रॉप करा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं हे सगळं बंद, तो अवयव हलवायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं आणि सरळ ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. सापाच्या मागे फोटोसाठी जाऊ नका, लक्षणांवरून डॉक्टर ठरवतात. आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर बनलेलं आहे, चापड्यावर नाही, तरीही दवाखाना चुकवायचा नाही.

आग्यामोहोळ दिसलं कड्याला लटकलेलं, तर त्याच्याखाली फ्लॅश नाही, सिगरेट नाही, सेंट-डिओ नाही, आरडाओरडा नाही आणि ड्रोन तर अजिबात नाही. उठल्याच माश्या तर तोंड झाकून पळायचं आणि पळत राहायचं, पाण्यात बुडी मारून बसायचं नाही, त्या वर वाट बघतात.

विजांचा धोका खरा मे-जूनला आणि परतीच्या पावसात. वीज चमकली की मोजायला लागा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. ट्रायपॉड खाली ठेवा आणि त्याच्यापासून लांब व्हा, बुरूज, झेंड्याचा खांब, एकटं झाड, रेलिंग सगळं सोडा, माथ्यावरून खाली उतरा. दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएमने बनवलंय, रेंज असेल तर जवळ वीज पडतेय का ते दाखवतं. विजेचा फोटो काढायचा असेल तर घराच्या खिडकीतून काढा. खरंच सांगतो, माझा सगळ्यात चांगला विजेचा फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलाय, खाली डाव्या कोपऱ्यात गॅस सिलिंडरची पाइप आहे ती क्रॉप केली.

काजव्यांचं थोडक्यात. मे अखेर ते पहिला मोठा पाऊस, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. दिवसाउजेडी जागा बघून फोकस लावून ठेवा, मग मॅन्युअल करा आणि फोकस रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा. आयएसओ १६००, एफ १.८ किंवा २.८, २० ते २५ सेकंदांचे चाळीसेक फोटो घेऊन नंतर एकावर एक रचायचे. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा बसून राहतो. फोकसचा केशरी दिवा बंद, स्क्रीन सगळ्यात मंद. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावा आणि उजेड फक्त पायाखाली, पण टॉर्च लागतेच, काजव्यांसाठी अंधारात अनवाणी हिंडायची रोमँटिक कल्पना फुरशाला माहीत नसते. गवतात घुसू नका, काजवे खाली गवतावरही बसलेले असतात, झाडाचा फोटो मिळवायला खालचे चिरडून काय उपयोग. कास पठारावरही तेच, जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो, फुलात बसून काढलेल्या एका फोटोमागे चार हात फुलं झोपतात.

चुकलात तर

घरी एकाला सांगून जा: कुठून चढणार, कुठून उतरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. 'हरिश्चंद्रगडला जातोय' हे पुरेसं नाही, पाचनईहून का खिरेश्वरहून ते सांगा, दोन्ही टोकं दोन जिल्ह्यांत आहेत. गावातल्या ज्या घरी चहा घ्याल तिथेही सांगा, आणि पावसाळ्यात नवीन ठिकाणी गावातलाच वाटाड्या घ्या. फोटोवाल्याला वाटाड्याचा दुहेरी फायदा, तुम्ही फ्रेम बघत असताना तो पाणी आणि वाट बघतो. त्याला फक्त आधी सांगून ठेवा की दादा आम्ही दर दहा पावलांना थांबणार, पैसे त्या हिशोबाने घ्या.

धुक्यात वाट हरवली की थांबायचं. मी चालत राहिलो, ती चूक होती. गळ्यात शिट्टी, तीन वेळा फुंकायची, थांबायचं, परत तीन वेळा. फोन लागला तर ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, आणि महाराष्ट्रात गिर्यारोहकांची बचाव यंत्रणा आहे, लोणावळ्याला शिवदुर्ग मित्र आहेत, त्या त्या भागातल्या टीमचा नंबर निघायच्या आधी सेव्ह करून ठेवा. लोकेशन जातंय का बघा, नाहीतर कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो उघडून सांगा की समोर काय दिसत होतं, गावातल्या माणसाला एवढ्यावरून बरोबर कळतं. भिजून वाऱ्यात बसलेल्याला हुडहुडी भरली, बोलणं जड झालं तर फोटो बंद, ओले कपडे काढून कोरडं काहीतरी चढवा, आणि त्यासाठी एक टी-शर्ट पिशवीत गुंडाळून तळाला ठेवलेला असावा. माझ्या सॅकमध्ये तो कॅमेऱ्याची गादी म्हणूनही चालतो.

कॅमेरा पाण्यात पडला तर लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड बाहेर, पुसा, आणि चालू करून बघायचा मोह आवरा. बहुतेक कॅमेरे पाण्याने नाही तर 'चालतोय का बघू' ने मरतात. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको, पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवा आणि मग सर्व्हिसला.

आणि परतीच्या प्रवासात गाडीत एसी लावणार असाल तर कॅमेरा सॅकमध्ये बंदच राहू दे, गारठलेला कॅमेरा मध्येच घाटात दमट हवेत काढलात की लेन्सवर लगेच वाफ धरते. जातानाही तसंच, पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद. घरी आल्यावर मात्र झोपायच्या आधी सॅकमधून बाहेर काढायचाच, कितीही दमला असाल तरी, ओल्या बॅगेत दोन दिवस राहिला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी येते आणि ती साफ करायचा खर्च किट लेन्सच्या किमतीएवढा सांगतात. ड्राय कॅबिनेट नसेल तर हवाबंद झाकणाचा धान्याचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतेचा काटा, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायचं. जेल केशरी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं आणि ते विषारी. केशरी जेल ओलं होऊन हिरवं पडलं की मंद आचेवर परत सुकवता येतं, फक्त त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा. मी आमच्या पोळ्यांच्या तव्यावर सुकवलं होतं. त्यानंतर आठवडाभर मला पोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या.